'खाजगी' शाळा म्हणजे नेमके काय?

(ब्राह्मणपुरी, ता. शहादा येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



आपल्या मोहल्ल्यात एक वाक्य नेहमी ऐकू येते: "मुलाला खाजगी शाळेत टाकायचंय, पण ऐपत नाही." खाजगी म्हणजे महाग, इंग्रजी माध्यम, टाय-बूट, पिवळी बस, असे आपण धरून चालतो.

खरे तर शाळा खाजगी की सरकारी, हे ती कोण चालवते यावर ठरते. शासन, जिल्हा परिषद किंवा नगरपालिका चालवते ती सरकारी. नोंदणीकृत संस्था चालवते ती खाजगी. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या संस्थांच्या अनुदानित आश्रमशाळाही खाजगीच. पण तिथे आदिवासी मुलांचे शिक्षण, राहणे, जेवण मोफत असते. मुंबईत १८७४ साली स्थापन झालेली अंजुमन-ए-इस्लाम ही समाजाने उभी केलेली खाजगी संस्थाच.

मग पैसा कोण देतो? अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार शासन देते. विनाअनुदानित शाळेचा खर्च बहुधा पालकांच्या फीमधून निघतो. २०१२ च्या कायद्याने आलेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांना तर अनुदान मागताच येत नाही. पाटीवर हे लिहिलेले नसते. म्हणून कर्ज काढण्याआधी विचारा: मान्यता कोणत्या प्रकारची? पगार कोण देतो? पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे फीचा प्रस्ताव ठेवला का? २०११ च्या शुल्क कायद्याने तो ठेवावाच लागतो.

दुसरे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी आहेत. वार्षिक उत्पन्न एक लाखापर्यंत असलेल्या घरातले मूल अर्ज करू शकते. आठवीपर्यंत फी नाही. शेजारच्या घरी हे ठाऊक नसेल, तर अर्ज भरून देणे तुमचे काम.

आता एक प्रश्न आपल्यालाच. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले. म्हणजे आपल्या संस्थांवर २५ टक्क्यांची सक्ती नाही. पण गरीब मुलासाठी जागा ठेवायला कायद्याने मनाईही केलेली नाही. हमालाची, हातगाडीवाल्याची मुलगी आपल्याच शाळेच्या फाटकावरून परत जाणार असेल, तर ती शाळा समाजाची कशी म्हणायची?

खाजगी म्हणजे मालकीची नव्हे, जबाबदारीची. एवढे घरी जाऊन सांगा.