मैलापाणी, ऊन आणि रोहू

परिसंस्था म्हटलं की शाळेतली आकृती आठवते. वर सूर्य, खाली गवत, मग ससा, मग कोल्हा आणि मध्ये बाण. ती काढली की गुण मिळायचे आणि विषय संपायचा. आज त्याच बाणांबद्दल बोलू, पण कोलकात्याच्या मैलापाण्याच्या काठावर उभं राहून.

कोलकात्याच्या पश्चिमेला हुगळी नदी आहे, पण जमिनीचा उतार पूर्वेकडे. म्हणून शहराचं बहुतेक सांडपाणी नदीत न जाता कालव्यांतून पूर्वेला जातं. तिथे सुमारे १२,५०० हेक्टरांवर भातशेती, भाजीचे मळे आणि माशांची उथळ तळी पसरली आहेत. या तळ्यांना बंगालीत ‘भेडी’ म्हणतात. भेंडी नव्हे, माझाही आधी तोच घोटाळा झाला होता. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कालव्याजवळ नाकाला रुमाल लावला होता. तळ्याच्या काठी पोचेपर्यंत तो खिशात गेला होता. वास आलाच नाही.

असं का होतं? मैलापाण्यातली घाण म्हणजे मुख्यतः सेंद्रिय पदार्थ. जिवाणू ते खातात, कुजवतात, आणि त्यासाठी पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. नदीत एकदम फार घाण आली की ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. प्रदूषण म्हणतात ते हेच. भेडीत पाणी जेमतेम कमरेएवढं, त्यामुळे ऊन खोलवर पोचतं. उन्हावर शेवाळ वाढतं, ते दिवसभर ऑक्सिजन सोडतं, त्यावर जिवाणूंचं काम चालतं. जिवाणूंनी मोकळी केलेली पोषकद्रव्यं पुन्हा शेवाळाला मिळतात. मात्र शेवाळ माजलं तर रात्री तेच ऑक्सिजन ओढून घेतं, आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात. म्हणून शेवाळ खाणारे मासे हवेत. ते शेवाळ आटोक्यात ठेवतात आणि वाढले की बाजारात जातात. रोहू, कटला, मृगळ, तिलापिया.

ही सगळी गणितं तळ्यावरच्या माणसांनी अनुभवाने बसवली. किती पाणी आत घ्यायचं, कधी थांबायचं, हे ते पाण्याच्या रंगावरून ठरवतात. राज्य सरकारचे अभियंते ध्रुवज्योती घोष सांडपाण्याचा माग काढत इथे आले, तेव्हा त्यांना कळलं की हे मोठं शुद्धीकरण केंद्र आधीपासूनच चालू आहे, तेही यंत्रांवाचून. पुढे आयुष्यभर ते या जागेसाठी भांडले. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने इथला जमीनवापर बदलायला मनाई केली. २००२ मध्ये ही जागा रामसर यादीत आली, २००६ मध्ये तिच्यासाठी राज्याचा वेगळा कायदा झाला.

तरी तळी बुजतात. आधी पाणी तोडायचं, मग भराव टाकायचा, मग म्हणायचं इथे तळं होतंच कुठे? मुंबई-पुण्याच्या मंडळींना ही पद्धत समजावून सांगायला नको. शहराचं सॉल्ट लेक उपनगरही अशाच खाऱ्या तळ्यांवर भराव टाकून उभं राहिलं. पण इथलं एक तळं गेलं तर नुसता देखावा जात नाही. तेवढं मैलापाणी कुठे न्यायचं, हा प्रश्न दुसऱ्या दिवशीच उभा राहतो.

आणखी एक अडचण आहे, ती मी लपवणार नाही. जिवाणू मैला खातात, पण चामड्याच्या कारखान्यांतलं क्रोमियम किंवा शिसं कोणीच पचवू शकत नाही. जलपर्णी थोडं शोषून घेते, बाकीचं तळाच्या गाळात बसतं. आकृतीतले बाण फिरतात ते फक्त कुजणाऱ्या गोष्टींसाठी. घरातला मैला आणि कारखान्याचं रसायन एकाच नाल्यात सोडलं, की या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची कसब तिथे हात टेकते.

मला लोक विचारतात, तो मासा तुम्ही खाल्लात का? खाल्ला. मोहरीच्या वाटणात, भाताबरोबर. पण आधी विचारून घेतलं होतं, हा कुठल्या कालव्यावरच्या भेडीतला.