हाताचें ज्ञान आणि चित्राची साक्ष

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या आयुष्याची अखेर धुळ्यांत झाली. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं त्यांनीं देह ठेवला, आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्या शहरांत उभें राहिलें. राजवाडे गांवोगांव हिंडले, धूळ खात पडलेलीं दप्तरें त्यांनीं सोडविलीं, आणि १८९८ सालापासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या नांवानें त्यांतील कागद एकामागून एक अशा २२ खंडांत प्रसिद्ध झाले. या उद्योगाचें मर्म केवळ संग्रहांत नव्हतें. इतिहासकारानें काढलेला निष्कर्ष वाचकानें निव्वळ त्याच्या शब्दावर विसंबून मान्य करूं नये. मूळ कागद समोर असावा, आणि ज्याला शंका येईल त्यानें तो स्वतः वाचून पाहावा, असा त्यामागील दंडक होता.

सृष्टिविज्ञानालाही हाच दंडक लागू आहे. फरक एवढाच, कीं तेथें कागद वाचून भागत नाहीं. प्रयोग पुन्हां करून पाहावा लागतो. लंडनच्या शास्त्रज्ञाला जें दिसलें, तें जळगांवच्या किंवा धुळ्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यालाही, तींच साधनें घेऊन तीच कृति केली असतां, दिसलें पाहिजे. म्हणूनच प्रत्येक शोधनिबंधांत ‘साधनें आणि पद्धति’ अशा मथळ्याचा एक भाग असतो. सामान्य वाचक तो भाग ओलांडून निष्कर्षाकडे धांव घेतो. पण ज्याला तो प्रयोग स्वतः करावयाचा आहे, त्याचें सारें यशापयश त्या चार परिच्छेदांवर अवलंबून असतें. आणि दुर्दैव असें, कीं जागेच्या काटकसरीची कात्री बहुधा त्याच भागावर प्रथम चालते.

परंतु कात्री चालली नाहीं, पानांची मुभा दिली, तरी सर्वच कांहीं शब्दांत उतरतें असें नाहीं. खानदेशांतील मांड्यांचेंच उदाहरण घ्यावें. डाळ किती, गूळ किती, कणीक किती वेळ भिजवावी, हें सारें पाकशास्त्राच्या पुस्तकांत लिहितां येतें. पण पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलीत, फिरवीत, आपल्याच वजनानें तिला वाढूं द्यावी, आणि ती फाटण्याच्या क्षणभर आधीं तापलेल्या पालथ्या खापरावर अलगद पसरावी, यांतील तो ‘क्षणभर आधीं’ कोणत्या मापानें सांगावा? सासूच्या शेजारीं उभी राहून सुनेनें तो डोळ्यांनीं टिपलेला असतो. पुस्तकाला तेथवर पोंचतां येत नाहीं.

प्रयोगशाळेंतही असे अनेक ‘क्षणभर आधीं’ असतात. हॅरी कॉलिन्स या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानें १९७४ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका विशिष्ट जातीचा लेसर बांधूं पाहणाऱ्या प्रयोगशाळांची त्यानें पाहणी केली, तेव्हां केवळ छापील माहितीच्या आधारें एकालाही तो चालविण्यांत यश आलें नाहीं असें त्याला आढळलें. ज्यांचा लेसर चालला, त्यांचा पूर्वीं यश मिळविलेल्या कोणाशीं तरी प्रत्यक्ष संबंध आलेला होता.

याहून बोलका दाखला अमेरिकेंतील आहे. बर्कले येथील मीना बिसेल आणि बोस्टन येथील कॉर्नेलिया पॉलियाक या दोन नामांकित संशोधिकांचे गट, स्तनाच्या ऊतींतील पेशी वेगवेगळ्या करून त्यांची प्रतवारी करण्याचें काम मिळून करीत होते. पद्धति ठरलेली होती, यंत्रें तुल्य होतीं, लिखाणही एकमेकांना पाठविलें होतें; तरी दोन्हीकडचे निकाल जुळेनात. दीर्घ काळ पत्रव्यवहार झाला आणि प्रत्येक पायरी तपासली गेली. शेवटीं दोन्ही गटांतील माणसांनीं एकाच मेजाशीं शेजारीं शेजारीं उभें राहून काम केलें, तेव्हां कोडें उलगडलें. ऊति विरघळवितांना एका ठिकाणीं मिश्रण जोरानें घुसळलें जात होतें, तर दुसऱ्या ठिकाणीं तें हळुवार हलविलें जात होतें. लिहिण्याजोगी ही बाब आहे असें कोणाच्या मनांतही आलें नव्हतें. २०१४ सालीं त्यांनीं ही हकीकत स्वतःच प्रसिद्ध केली, यांत त्यांचा मोठेपणा आहे.

अशा घटना तुरळक नाहींत. २०१६ सालीं ‘नेचर’ या साप्ताहिकानें १५७६ संशोधकांना प्रश्न विचारले. दुसऱ्याचा प्रयोग करून पाहण्याचा यत्न फसल्याचें शेंकडा ७० हून अधिकांनीं कबूल केलें, आणि स्वतःचाच जुना प्रयोग पुन्हां साधला नाहीं असें सांगणारे निम्म्याहून जास्त निघाले. यांत लबाडीचा अंश असेलही. परंतु न लिहिलेल्या, किंबहुना लिहितांच न येणाऱ्या हाताच्या चालीचा अंश लहान नाहीं. आणि त्याचा परिणाम दुहेरी असतो. द्रव्य व श्रम वायां जातात, हें तर खरेंच. पण त्याहून वाईट म्हणजे, प्रयोग फसलेला विद्यार्थी एक तर स्वतःला नालायक समजूं लागतो, किंवा मूळ संशोधकाला खोटा ठरवितो. दोहोंपैकीं कोणतेंही अनुमान खरें नसण्याचा संभव असतो.

या अडचणींतूनच व्हिडिओ-लेखाचा जन्म झाला. मोशे प्रित्स्कर नांवाचा संशोधक प्रिन्स्टन विद्यापीठांत शिकत असतां भ्रूणाच्या मूलपेशींवरील एक प्रयोग त्याला निबंध वाचून साधेना. अखेरीस ती कृति डोळ्यांनीं पाहण्यासाठीं त्याला अटलांटिक महासागर ओलांडून स्कॉटलंडमधील एडिंबरो येथें जावें लागलें. मग त्याच्या मनांत सरळ विचार आला, कीं जें पाहण्यासाठीं माणसाला इतका प्रवास करावा लागतो, तें चित्रच माणसाकडे कां जाऊं नये? २००६ सालीं त्यानें सहकाऱ्यांसह ‘जर्नल ऑफ व्हिज्युअलाइज्ड एक्स्पेरिमेंट्स’ हें नियतकालिक काढलें. ‘जोव्ह’ या संक्षिप्त नांवानें तें ओळखलें जातें. त्यांतील लेखाचें स्वरूप असें असतें: संशोधक प्रथम आपली पद्धति पायरीपायरीनें लिहून देतात; इतर जाणकार ती तपासतात; नंतर प्रयोगशाळेंत प्रत्यक्ष कृतीचें चित्रण होतें; आणि लिखित पायऱ्या व चित्रफीत हीं दोन्ही मिळून एक लेख म्हणून प्रसिद्ध होतात. सुई कोणत्या कोनांत धरली, थेंब किती हळू सोडला, द्रवाचा रंग नेमका केव्हां पालटला, हें वाचकाला दिसतें. आणि एकदां न कळल्यास दहा वेळां पाहतां येतें.

हें सारें परदेशाचें झालें. खानदेशाशीं त्याचा काय संबंध, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर जळगांव जिल्ह्यांतील केळीच्या बागांत आहे. खाण्याच्या केळ्याला उगवणारें बीं नसतें. रावेर-यावलकडील शेतकरी पूर्वापार मुनवे किंवा कंद लावून बाग वाढवीत आला. पण त्या मुनव्यांबरोबर मूळ झाडाचे रोगही नव्या बागेंत येत. आज तेथें ‘ग्रँड नैन’ जातीचीं टिश्यू कल्चरचीं रोपें सर्वत्र दिसतात, आणि जळगांवच्याच जैन इरिगेशनसारख्या संस्थेच्या प्रयोगशाळांतून तीं फार मोठ्या संख्येनें तयार होतात.

या कृतींत ज्ञानाचे दोन प्रकार शेजारीं शेजारीं नांदतात. रोपाला कांचेच्या बाटलींत जें पोषक द्रव्य लागतें, त्याचें एक सर्वमान्य सूत्र मुराशिगे व स्कूग या दोन शास्त्रज्ञांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केलें. कोणता क्षार किती मिलिग्राम, हें त्यांत आंकड्यांनीं दिलेलें आहे. तें वाचून जगांतील कोणीही रसायनज्ञ तें द्रव्य बनवूं शकतो. तेथें कागद पुरतो. पण निरोगी झाडाचा मुनवा घेऊन, त्याचे एकावर एक बसलेले पापुद्रे सोलीत सोलीत, आंतील वाढीच्या कोंवळ्या शेंड्यापर्यंत पोंचावयाचें असतें. कमी सोललें तर जंतु आंत राहतात आणि बाटली नासते; जास्त सोललें तर शेंडाच दुखावतो. सुरी कोठें थांबली पाहिजे, हें मिलिग्रामांत सांगतां येत नाहीं. जीं माणसें या कामाला रोज बसतात, त्यांच्या बोटांना तें ठाऊक असतें. तीं बोटें दाखविणारी दहा मिनिटांची चित्रफीत, या एका बाबतींत, शंभर पानांच्या पुस्तकाहून उपयोगी पडेल.

शिवाय वनस्पतीची वाढ चित्रानें दाखविण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाहीं. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं विलायतेहून कॅमेरा आणिल्यावर, ‘राजा हरिश्चंद्रा’च्याही आधीं, एका कुंडींत वाटाणे पेरले. कॅमेरा समोर ठेवून महिनाभराहून अधिक काळ ते रोज एकेक चित्र घेत राहिले. बीं अंकुरतें, कोंब वर येतो, वेल होते, हा सारा क्रम पडद्यावर मिनिटभरांत उलगडला. ‘अंकुराची वाढ’ हें त्या चित्रपटाचें नांव. तो पाहूनच कांहीं गृहस्थांनीं त्यांना भांडवल कर्जाऊ दिलें. शब्दांनीं जें पटलें नसतें, तें चित्रानें पटविलें. भारतीय चित्रपटाच्या उंबरठ्यावर असा एक वैज्ञानिक चित्रपट उभा आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

तथापि चित्राची साक्षही डोळे झांकून मानूं नये. कॅमेरा जेथें रोखला जातो, तेवढेंच दाखवितो. द्रवाची तीव्रता, खोलीचें उष्णतामान, एखादी पायरी कां आवश्यक आहे याचें कारण, हें चित्रांत दिसत नाहीं. म्हणून लिखित पायऱ्यांची जोड हवीच. फसलेले प्रयत्न गाळून फक्त साधलेला प्रयत्न दाखविण्याचा मोहही असतो. वास्तविक शिकणाऱ्याला नासलेली बाटली कशी दिसते हें पाहणें, चांगली बाटली पाहण्याइतकेंच अगत्याचें आहे.

दुसरी अडचण पैशाची. ‘जोव्ह’ आरंभीं सर्वांना विनामूल्य पाहतां येत असे; चित्रणाचा खर्च पेलेना, तेव्हां २००९ सालीं त्यानें वर्गणी सुरू केली. हा निर्णय निरुपायाचा असेल. पण त्यामुळें ज्याच्या शेजारीं शिकवावयास कोणी नाहीं, अशा लहान गांवच्या विद्यार्थ्यापुढेंच दार लागतें. दप्तर असूनही तें दाखविण्यास नाखूष असलेले मालक राजवाड्यांना भेटले होते. त्यांच्या कुलपांत आणि या कुलपांत विद्यार्थ्याच्या दृष्टीनें अंतर थोडें. तिसरी अडचण भाषेची. सुरी धरणारा हात मराठी, पण त्याला सूचना देणारा आवाज इंग्रजी, अशानें अर्धें ज्ञान वाटेंतच सांडतें.

या अडचणी अजिंक्य नाहींत. पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेंतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत अरविंद गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं टाकाऊ वस्तूंतून वैज्ञानिक खेळणीं करण्याच्या कृतींच्या शेंकडों छोट्या चित्रफिती तयार केल्या. मराठीसह अनेक भाषांत त्या कोणालाही फुकट पाहतां येतात. मुलांच्या खेळण्यांसाठीं जें साधलें, तें महाविद्यालयांतील प्रयोगांसाठीं आणि शेतांतील कृतींसाठीं साधूं नये असें कांहीं नाहीं. चित्र घेणारें यंत्र आज घरोघरीं, प्रत्येकाच्या खिशांत आहे. उणीव असेल तर ती, आपली कृति दुसऱ्यानें तपासावी म्हणून उघडी करण्याच्या संवयीची.

जळगांवच्या विद्यापीठाला २०१८ सालीं कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव देण्यांत आलें. असोदें येथें जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहितां वाचतां येत नव्हतें. जात्यावर आणि शेतांत काम करतांना त्यांच्या तोंडून जें उमटलें, तें पुत्र सोपानदेव व घरच्या माणसांनीं उतरवून घेतलें म्हणूनच उरलें. १९५१ सालीं त्या निवर्तल्या आणि त्यानंतर तें पुस्तकरूपानें जगापुढें आलें. ज्याला लिहितां येत नाहीं त्याच्यापाशीं ज्ञान नसतें, हा सुशिक्षितांचा समज त्या एका नांवानें कायमचा खोडून काढला आहे. त्याच जिल्ह्यांत आज केळीचा शेंडा सोलणारीं, कलमें बांधणारीं, रोगट पान दुरूनच ओळखणारीं शेंकडों माणसें आहेत. त्यांच्या बोटांतील ज्ञान कोणत्याही निबंधांत नाहीं, आणि तीं बोटें थकलीं म्हणजे तें त्यांच्याबरोबर जाणार आहे.

राजवाडे दप्तरांच्या मागें धांवले, कारण वाळवी कोणासाठीं थांबत नाहीं हें त्यांना ठाऊक होतें. हाताच्या ज्ञानालाही वाळवी असते. ती माणसाच्या वयाच्या रूपानें येते. धुळें आणि जळगांव येथील महाविद्यालयांनीं आपल्या प्रयोगशाळांतील व शिवारांतील एकेक कृति, लिखित पायऱ्या जोडून, झालेल्या चुकांसह, मराठींत चित्रित करून सर्वांसाठीं खुली ठेवली, तर पुढच्या पिढीच्या संशोधकाला मूळ कागदाइतकीच विश्वसनीय अशी साक्ष हातीं लागेल. त्याला एडिंबरोला जावें लागणार नाहीं. आणि प्रयोग फसलाच, तर दोष कोणाला द्यावा याचा घोर न करतां, कृति पुन्हां एकदां पाहून, तो सुरी पुन्हां हातीं घेईल.