शहरातला ताप आणि आपले गाव



मोठ्या शहरात तापाची साथ आल्याची बातमी कानावर पडली, की आपण भंडाऱ्याकडची माणसे काय म्हणतो? "मुंबई-पुण्याची गोष्ट आहे ती. आपल्याला काय त्याचे?" इकडे रोवणा चालू असतो, नाहीतर धान कापणीला आलेले असते. मुंबई राहिली कुठल्या कुठे! पण मुंबईच्या चाळीतला ताप आपल्या वरठीच्या स्टेशनावर उतरायला फार वेळ लागत नाही. तो शहरात कसा पसरतो, तिथून आपल्याकडे कसा येतो, आणि आला तर आपण काय करावे, एवढेच आज सांगायचे आहे.

गोष्ट १९१८ सालची. पहिले महायुद्ध संपत आले होते. मुंबईच्या बंदरात युद्धावरून परतणारी जहाजे लागत होती, आणि त्यांतूनच हा ताप आला असे मानले जाते. १० जूनला सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. मग गोदीतले कामगार पडले, पोर्ट ट्रस्टची माणसे पडली, तारऑफिस, टांकसाळ, कापडगिरणी, असे एकेक ठिकाण तापाने घेतले. जुलैच्या ३ तारखेला एकट्या मुंबईत २३० मृत्यू नोंदले गेले. पुढे साथ ओसरली. लोकांना वाटले, टळले एकदाचे संकट. पण सप्टेंबरात ती परतली आणि पहिलीपेक्षा कितीतरी भयंकर होऊन आली. ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसे दगावली. हाच तो इन्फ्ल्युएंझा. आपल्याकडची जुनी माणसे त्याला 'मानमोडी' म्हणत.

आता हा क्रम नीट पाहा. आधी गोदी, मग कचेरी आणि गिरणी, मग चाळ. ताप माणसाच्या पायांनी चालत होता. कामगार जिथे दिवसभर खांद्याला खांदा लावून काम करतो तिथे तो घेतो, आणि रात्री जिथे झोपतो तिथे देतो. त्या काळी मुंबईतल्या दर शंभर माणसांपैकी साठाहून अधिक माणसे एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत आजारी माणूस आणि तिथेच लेकरे. अशा खोलीत कोण कोणापासून दूर निजणार?

म्हणून सगळ्या मुंबईवर ती साथ सारखी कोसळली नाही. हवेशीर बंगल्यांत राहणाऱ्या युरोपियनांत हजारी आठ माणसे मेली. सरकारी कोष्टकात ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हणून नोंदले होते, त्यांच्यात हजारी एकसष्ट मेली. ताप तोच, गावही तेच. फरक होता तो खोलीचा, पोटातल्या अन्नाचा आणि शुश्रूषेचा. शंभर वर्षांनी, २०२० च्या जुलैत, मुंबईच्या तीन विभागांत कोरोनाची पाहणी झाली. रोग निराळा होता. पण झोपडपट्टीतल्या शंभरांपैकी सत्तावन्न माणसांना तो होऊन गेल्याच्या खुणा रक्तात सापडल्या, आणि बाहेरच्या वस्तीत शंभरांपैकी सोळांना. दाटीवाटीच्या वस्तीची गोष्ट बदललेली नाही.

गुरुजी मंडळींना आता एक विनंती. वर्गातला खडू हातात घ्या आणि हे गणित मुलांना फळ्यावर करून दाखवा. इन्फ्ल्युएंझाचे विषाणू खोकल्या-शिंकण्यातून, बोलण्यातूनसुद्धा उडणाऱ्या तुषारांबरोबर आणि बंद खोलीतल्या हवेतून पसरतात. शेंबडाने, थुंकीने भरलेला हात नाका-डोळ्यांना लागला तरी ते आत शिरतात. शिरल्यावर साधारण दोन दिवसांनी ताप चढतो. पण ताप चढण्याच्या एक दिवस आधीपासूनच तो माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकतो. आता धरा, की तीन तीन दिवसांच्या पायरीने प्रत्येक रोगी दोघांना रोग देतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दहाव्या पायरीला, म्हणजे महिन्याभरात, १,०२४ नवे रोगी! आता फळा पुसून दुसरे गणित मांडा. लोकांनी थोडी काळजी घेतली, आणि प्रत्येक रोग्याने दोघांऐवजी सरासरी दीड माणसालाच रोग दिला. दहाव्या पायरीला किती होतात? अठ्ठावन्नसुद्धा भरत नाहीत. आणि सरासरी एकाच्याही खाली आली, तर साथ आपोआप विझते. माझ्या एकट्याने घरी राहून काय होणार, असे कोणी विचारले तर त्याला हा फळा दाखवा.

शहरात हे गणित भराभर चालते, कारण तिथे एक माणूस दिवसाकाठी शेकडो अनोळखी माणसांच्या श्वासाजवळून जातो. लोकलचा डबा, बसची रांग, सिनेमाचे थिएटर, आणि सगळ्यांत मोठे म्हणजे शाळा. पुण्याची आठवण फार जुनी नाही. २००९ साली एच१एन१ या नव्या विषाणूची साथ जगभर पसरली. ३ ऑगस्टला पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. देशातला तो पहिला. नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या, शाळा आणि चित्रपटगृहे बंद ठेवावी लागली. असा विषाणू नवा असतो तेव्हा बहुतेकांच्या अंगात त्याच्याशी झुंजण्याची ओळखीची शक्ती नसते, म्हणून तो इतक्या वेगाने धावतो. १९५७ सालची साथही अशाच नव्या विषाणूची. सिंगापूरहून मद्रासला आलेल्या जहाजातून ती आपल्या देशात उतरली.

आणि आता आपल्या गावाकडे वळू. संध्याकाळी मुंबईत गाडीत बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत वरठीला उतरतो, तुमसर रोडला उतरतो, गोंदियाला उतरतो. बसताना तो ठणठणीत असतो. उतरून दोन दिवस झाले, की फणफणतो. १९१८ सालीही ही लोखंडी सडक होतीच. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महागले होते, अंगात त्राण नव्हते. तशात साथ रुळांच्या वाटेने आत शिरली. आपला भंडारा जिल्हा ज्या मध्यप्रांतात होता, तो प्रांत देशातल्या सर्वांत जास्त पोळलेल्या भागांपैकी एक. तिथे हजारी पन्नासाहून अधिक माणसे गेली. म्हणजे पाचशे वस्तीच्या गावात पंचवीस तिरड्या, आणि त्याही बहुतेक दोन-तीन महिन्यांत. सगळ्या देशात सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत माणसे मेली असावीत असे अंदाज आहेत. १९२१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. तसे त्यानंतर कधी झालेले नाही.

त्यात मेली ती बहुतेक वीस ते चाळीस वयाची, कमावती माणसे. आणि पुरुषांपेक्षा बाया अधिक. का? घरातल्या सगळ्यांचे दुखणे बाईने काढायचे, आणि स्वतःला ताप आला तरी पाण्याचा हंडा तिनेच आणायचा! घरची सगळी माणसे एकदम अंथरुणाला खिळली, तर घोटभर पाणी द्यायला कोण उरते? कित्येक जीव असे पाण्यावाचून, पेजेवाचून गेले. मुंबईत निदान स्वयंसेवक चाळीचाळींतून दूध आणि औषध पोचवत होते. खेड्यात तेवढेही नव्हते.

म्हणून, मायबापहो, चार गोष्टी गाठीला बांधा.

पहिली. शहरातून आलेल्या माणसाला ताप असेल तर त्याला वेशीवरून हाकलू नका. तो आपलाच भाऊ, आपलाच लेक. पोटासाठी गेला होता. त्याला ओसरीवर किंवा हवेशीर खोलीत वेगळे अंथरूण द्या, दार-खिडकी उघडी ठेवा. ताप उतरून एक दिवस पुरा होईपर्यंत त्याने चार माणसांत मिसळू नये. हाकलाल तर पुढचा माणूस आपला ताप लपवील, आणि लपवलेला ताप गावभर होईल.

दुसरी. दुखणे काढणारे माणूस एकच असावे, त्याने तोंडावर पदर किंवा रुमाल बांधावा, हात साबणाने धुवावेत. आणि ते माणूस दर वेळी सूनबाईच असली पाहिजे, असे कोणत्याही पोथीत लिहिलेले नाही.

तिसरी. सगळे घरच पडले असेल तर शेजाऱ्याने दाराशी पाणी आणि पेज ठेवावी. धाप लागली, छातीत दुखले, ओठ निळसर झाले, गुंगी आली, किंवा उतरलेला ताप उलटून आला, तर देवऋष्याकडे वेळ घालवू नका. आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्र गाठा. म्हातारी माणसे, गरोदर बाया, लहान मुले आणि दम्याचे किंवा मधुमेहाचे रोगी यांना तर पहिल्याच दिवशी न्या. या तापावर गोळी आहे, पण ती लवकर घ्यावी लागते. लसही आहे, विषाणू रूप बदलतो म्हणून ती दर वर्षी घ्यावी लागते. ती कोणी घ्यावी, हे डॉक्टरांना विचारा.

चौथी गोष्ट थोडी कडू आहे. भाऊबीजेपासून आपल्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, शहरात गेलेली पोरे परततात, रात्रभर दंडार आणि नाटक रंगते. ही आपली हौस आहे, ती राहावी. पण साथीच्या वर्षी एखादी मंडई पुढे ढकलली तर देव कोपत नाही. निदान ज्याच्या अंगात ताप आहे, त्याने त्या वर्षी नाटक घरी बसून लाऊडस्पीकरवर ऐकावे. शाळेतही तसेच. तापलेल्या मुलाला हजेरीसाठी बसवून ठेवू नका, गुरुजी. त्याचा बुडालेला पाठ पुन्हा शिकवता येईल.

अशी साथ पुन्हा केव्हा येईल ते सांगता येत नाही. येईल, एवढे मात्र नक्की. मुंबईची दाटी आपल्या हातात नाही. आपल्या घराची खिडकी उघडणे आणि शेजाऱ्याच्या दाराशी पेजेची वाटी ठेवणे, हे मात्र आपल्या हातात आहे.