जवानाच्या उशाशी

बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्यामुळे या मुलखात फौजेशी नाते नाही असे गाव विरळाच. जवान रजेवर आला म्हणजे गावाला आनंद होतो. तो धारातीर्थी पडला तर सारा गाव हळहळतो. परंतु आणखीही एक परतणे असते. जवान जिवंत येतो, पण पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचे अंग लुळे पडलेले असते. सत्कार होतो, हार सुकतात आणि पुढे वीस-तीस वर्षे त्याची पत्नी किंवा आई त्याच्या उशाशी असते. श्रोतेहो, आज मला बोलावयाचे आहे ते तिच्याविषयी.

तिला काय काय करावे लागते, हे जरा तपशिलाने सांगितले पाहिजे. अशा रुग्णाला अंगावरचा दाब जाणवत नाही. म्हणून तो अंथरुणावर असता साधारण दर दोन तासांनी त्याची कूस पालटावी लागते. हयगय झाली तर माकडहाडापाशी किंवा टाचेला आधी लाली येते, मग जखम पडते, आणि ती महिनेच्या महिने भरत नाही. लघवीसाठी नळी घालावयाची, ती स्वच्छ राखावयाची. नाही तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. इजा मानेत किंवा पाठीच्या वरच्या भागात असेल, तर नळीला घडी पडून मूत्राशय तुंबले एवढ्याशा कारणानेही रक्तदाब एकाएकी भयंकर चढतो. अशा वेळी त्याला ताबडतोब उठवून बसवावे, नळी मोकळी करावी आणि उतार पडला नाही तर डॉक्टरांना बोलवावे, हे तिला ठाऊक असावयास हवे. पुष्कळदा ते तिला कोणी शिकविलेलेच नसते. धडधाकट पुरुषाचे ओझे पलंगावरून चाकाच्या खुर्चीत नेताना तिची कंबर धरते, ते निराळेच.

आपण तिला सावित्री म्हणतो. उपमा दिली की आपले कर्तव्य आटोपले, ही आपली जुनी खोड आहे. सावित्रीला यमाशी एकदाच गाठ घालावी लागली. हिला दर दोन तासांनी घालावी लागते.

सरकारने काहीच केले नाही असे नव्हे. खडकीला 1974 साली अर्धांग लुळे पडलेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र निघाले व ते नावाजले गेले. अपंगत्व शंभर टक्के असेल आणि वैद्यकीय मंडळाने शिफारस केली, तर निवृत्तिवेतनाखेरीज परिचराचा भत्ता मिळतो. 1 जुलै 2017 पासून तो दरमहा 6750 रुपये ठरविण्यात आला. पण भत्ता जवानाच्या नावे असतो, आणि तो सरकारी रुग्णालयात दाखल असेल त्या काळापुरता थांबतो. हिशेबनिसाच्या दृष्टीने हे बरोबरच! पत्नी मात्र त्या दिवसांतही बहुधा रुग्णालयाच्या व्हरांड्यातच असते.

अमेरिकेने 2010 साली केलेल्या कायद्यात शुश्रूषा करणारी व्यक्तीच केंद्रस्थानी धरली. तिला दरमहा मानधन, कामाचे शिक्षण, मनावरचा भार हलका करण्यासाठी सल्ला आणि वर्षाकाठी निदान तीस दिवस विसावा, म्हणजे तितके दिवस तिच्या जागी दुसऱ्या माणसाची सोय. आरंभी ही सवलत 11 सप्टेंबर 2001 पासून पुढे जखमी झालेल्यांच्या घरांपुरती होती. ऑक्टोबर 2022 पासून ती सर्व काळांतील माजी सैनिकांच्या कुटुंबांना खुली झाली. तो देश धनाढ्य आहे, हे खरे. परंतु तिलाही विश्रांती लागते, एवढे ओळखावयास धन लागत नाही.

मला त्या तीस दिवसांचे मोल मानधनाहून अधिक वाटते. भत्त्यातून औषध येते, झोप येत नाही. आणि झोपेपुरते तरी आपल्या गावांना काही करता येईल. लष्कराच्या वैद्यकीय दलातून निवृत्त झालेले नर्सिंग असिस्टंट आपल्याकडे खेडोपाडी आहेत. कूस कशी पालटावी, नळी कशी पाहावी, हे त्यांच्या हातात मुरलेले आहे. त्यांनी गावातल्या चार होतकरू तरुणांना ते शिकवावे, आणि महिन्यातल्या चार रात्री आळीपाळीने वाटून घ्याव्यात. मात्र त्या घरी जाऊन ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणू नये. ती माउली सांगत नाही. ‘गुरुवारी रात्री मी बसतो, तुम्ही पलीकडच्या खोलीत निजा’ असे सांगावे आणि गुरुवारी दिवेलागणीला हजर व्हावे.