‘लाईन’ : एक शब्द, अनेक अर्थ

परभाषेंतून आलेला शब्द प्रथम पाहुणा असतो. पुढें तो घरचाच होऊन बसतो. मुंबईच्या उपनगरांत ‘लाईन’ या इंग्रजी शब्दाचें असेंच झालें आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास उतारूंची पहिली आगगाडी गेली. घाटकोपर, मुलुंड हीं त्याच मार्गावरचीं स्थानकें. अंधेरी, बोरिवली हीं दुसऱ्या मार्गावरचीं. मध्य व पश्चिम या दोन रेल्वे १९५१ सालीं अस्तित्वांत आल्या, आणि पुढें लोकांच्या तोंडीं ‘सेंट्रल लाईन’ व ‘वेस्टर्न लाईन’ हीं नांवें बसलीं. येथें लाईन म्हणजे केवळ लोखंडी रूळ नव्हेत. ‘कोणत्या लाईनला राहतां?’ हा प्रश्न पत्त्याचा असतो. ‘लेक दुसऱ्या लाईनला दिली’ या वाक्यांत माहेर दूर पडल्याची खंत असते. अंधेरीहून घाटकोपरला आगगाडीनें जावयाचें, तर दादरला गाडी बदलणें प्राप्त होतें. ८ जून २०१४ रोजीं मेट्रो सुरू होऊन हीं दोन उपनगरें थेट जोडलीं गेलीं. तिलाहि लोक लाईनच म्हणतात.

हाच शब्द रूळ सोडून सर्वत्र फिरतो. दुकानापुढची रांग ती लाईन, विजेची तार ती लाईन, लिहिलेली ओळ ती लाईन, उपजीविकेचा पेशा तीहि लाईन. पोलिसांची वसाहत ‘लाईन’, आणि तरुणाची प्रणययाचनाहि ‘लाईन’! मराठीनें त्याला स्त्रीलिंग दिलें, ‘लायनी’ हें अनेकवचन दिलें, ‘लायनींत’ असा प्रत्ययहि लावला.

मूळ पाहिलें तर लॅटिनमध्यें ‘लिनम’ म्हणजे जवस. त्याच्या वाखाचा धागा, मग तो ताणून आंखलेली रेघ, असा अर्थ वाढत गेला. मराठींतला ‘सूत’ हा शब्दहि याच वाटेनें गेला आहे. सुतार सूत धरतो, दोन मनांचें सूत जमतें, वांकडा माणूस सुतासारखा सरळ होतो.

सावरकरांनीं भाषाशुद्धीचा आग्रह धरला, त्यामागची भीति येथें ध्यानांत येते. रेल्वेच्या लायनीनें मराठीचें कांहीं हिरावलें नाहीं. नव्या वस्तूबरोबर नवें नांव आलें. परंतु रांग, ओळ, तार, रेघ, पेशा या पांचांच्या जागीं एकच शब्द ऐकत वाढणाऱ्या मुलाला त्यांतला भेद कोण सांगणार? रांगेंत पाळी असते, ओळींत अर्थ असतो, पेशांत हातचें कौशल्य असतें. ‘लाईन’ म्हटलें कीं हें सारें बुजून जातें. पाहुण्याला जागा द्यावी, परंतु घरच्या माणसांना उठवून नव्हे. स्थानकावर लाईन विचारावी. तिकिटासाठीं मात्र रांगेंतच उभें राहावें.