टाके वाळले म्हणजे दुखणे सरले काय?



स्तनाचा किंवा फुफ्फुसाचा कर्करोग कधी कधी मेंदूपर्यंत पोचतो. तेथील गाठ काढली, टाके वाळले, की घरचे म्हणतात, “सुटलो एकदाचे!” पण हराळी खुरपली तरी मातीत काशा राहतातच ना? तसेच न दिसणाऱ्या पेशी मागे उरतात.

अमेरिकेत १९९८ साली ९५ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांत शेकडा ७० जणांच्या मेंदूत गाठ पुन्हा आली. पुढे किरणांचा शेक घेतलेल्यांत शेकडा १८. आयुष्य त्याने फारसे वाढले नाही, पण मेंदूच्या दुखण्याने होणारे मृत्यू घटले. तेव्हा शेक साऱ्या मेंदूला देत; आता पुष्कळदा गाठीच्या जागेपुरताच देतात. त्याने स्मरणशक्ती जपते, मात्र दुसरीकडे नवी गाठ येते काय हे पाहण्यास दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय तपासणी हवी.

सेनगावाहून मुंबईचे टाटा रुग्णालय दूर, हळदीची काढणी तोंडावर. मग पुढची तारीख बाई स्वतःच टाळते. भगिनींनो, तसे होऊ देऊ नका. सकाळी डोके दुखून उलटी, झटका, हातापायांत अशक्तपणा, अडखळते बोलणे, यांपैकी काही दिसल्यास तारखेची वाटही पाहू नका. शेजारणीच्या घरची भाकरी आपण थापू. तिला तपासणीस धाडू.