जुनी पिकअप आणि वाडीचा रस्ता

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर वर्षी या मेळाव्यात मुलांच्या शाळेविषयी, आरोग्य शिबिरांविषयी बोलले जाते. या वेळी समितीने मला गाडीविषयी बोलायला सांगितले आहे. आपल्या पिकअपला यंदा १५ वर्षे पूर्ण होत आहेत. ती ठेवायची की काढायची, हे आपल्याला ठरवायचे आहे. गेली सहा वर्षे मी ती चालवतो आणि तिच्या खर्चाची वहीही माझ्याकडेच असते. तेव्हा जे आहे ते आपल्यापुढे मांडतो.

आपले काम कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत चालते. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हा भाग लोकलच्या खिडकीतून किंवा एक्स्प्रेसवेवरून पाहिला असेल. तिथून तो फार्महाऊसचा हिरवागार मुलूख वाटतो. पण कशेळ्याहून खांडसच्या बाजूला गेलात, किंवा चौकहून डोंगराकडे वळलात, की ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या लागतात. काही वाड्यांना डांबरी रस्ता आहे, काहींना खडीचा, तर काहींना नुसती पायवाट.

गाडीचे वर्ष वाडीच्या वर्षाप्रमाणे जाते. मृगाच्या आधी भाताचे बियाणे पोहोचवायचे. शाळा उघडली की वह्या आणि दप्तरे. भर पावसात ताडपत्र्या आणि धान्य. दिवाळीनंतर बरीच कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला निघून जातात, मुलेही बरोबर जातात. मग पुस्तके, फळा आणि औषधांची पेटी घेऊन भट्टीवर जायचे. उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्या आणि पाइप. हे सर्व एसटीने होत नाही, आणि दर खेपेला भाड्याचा टेम्पो परवडत नाही.

गाडी घेतली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. महिंद्राची डिझेल पिकअप, पूर्वी भाजीच्या धंद्यात होती. हौद्याचा पत्रा खालून गंजलेला, मागचे पाटे बसलेले, सेल्फ कधी लागे कधी नाही. पण इंजिन धूर टाकत नव्हते आणि चासी सरळ होती. आमच्या मिस्त्रींनी तेव्हाच सांगितले की बाकी सगळे बदलता येते, चासी बदलता येत नाही. ती सरळ आहे म्हणून गाडी घ्या.

सगळी दुरुस्ती एकदम करायला पैसे नव्हते. म्हणून आम्ही एक क्रम ठरवला: आधी गाडी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग चालली पाहिजे, आणि सर्वांत शेवटी ती दिसायला बरी असली पाहिजे.

पहिल्या वर्षी फक्त ब्रेक, टायर आणि स्टेअरिंग. मागच्या ड्रमचे लायनर, पुढचे पॅड आणि सगळे ब्रेक ऑईल बदलले. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढून घेते. उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल पोकळ लागते. आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने हवाच ओली, त्यामुळे हे ऑईल वेळेवर बदलावेच लागते. टायर घेताना नक्षी किती उरली एवढेच पाहून चालत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी चांगली पण रबर जुने होऊन चिरलेले, असा टायर स्वस्तात मिळतो. तो घ्यायचा नाही. आपल्यापैकी ज्यांच्याकडे गाड्या आहेत त्यांनी घरी गेल्यावर हे आकडे जरूर पाहावेत.

दुसऱ्या वर्षी रेडिएटर साफ केला, होज पाइप आणि फॅन बेल्ट बदलले. वाडीच्या चढावर माल भरून पहिल्या गिअरमध्ये गाडी चढते तेव्हा वेग नसतो, म्हणून समोरून वाराही लागत नाही. रेडिएटर थोडा जरी चोंदलेला असेल तर काटा वर जातो. इंजिन तापून हेड गॅस्केट गेले तर त्या खर्चात कितीतरी होज पाइप येतील. म्हणून दुरुस्तीतली सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे पाहणे. रोज सकाळी इंजिन थंड असताना पाणी, ऑईल आणि टायर पाहायचे. यात पाच मिनिटे जातात.

तिसऱ्या वर्षी मागचे पाटे आणि बुश, चौथ्या वर्षी क्लच प्लेट. क्लच वर्षभर आधीपासून वर धरत होता. आम्ही तेव्हापासून दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाकली, आणि बिल आले तेव्हा उधारी करावी लागली नाही. पाचव्या वर्षी हौद्याचा गंजलेला पत्रा कापून नवा लावला, खालून रेड ऑक्साईड दिले, आणि चिखलाने बुजलेली पाणी जाण्याची भोके मोकळी केली. पत्रा पावसाने जितका सडतो, त्याहून जास्त साचलेल्या चिखलाने सडतो.

पावसाळ्यात आणखी एक काम वाढते. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढावी लागली, तर नंतर डिफरन्शियलचे ऑईल तपासायचे. ते दुधासारखे पांढरट दिसले तर आत पाणी गेले आहे असे समजायचे. व्हील बेअरिंगचे ग्रीसही पाहायचे. डिझेल फिल्टरच्या तळाला जमलेले पाणी काढायचे. आणि पाणी रस्त्यावरून जोरात वाहत असेल तर गाडी त्यात घालायचीच नाही, हौद्यात काहीही असो.

आता एका अवघड गोष्टीविषयी बोलतो. गाडी रिकामी परत निघाली की वाडीतल्या बायका हात करतात. डोक्यावर मोळी किंवा बाजाराची पाटी, कडेवर मूल. "भाऊ, मागे बसू दे ना." नाही म्हणताना जीव तुटतो. पण मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसे बसवणे कायद्याने मना आहे, आणि कायदा नसता तरी आम्ही ते केले नसते. त्या वळणांवर मागे धरायला काही नसते. पाटी आणि मोळी आम्ही हौद्यात घेतो, आणि त्या बाया बाजारात पोहोचेपर्यंत सांभाळतो. आजारी माणूस किंवा अवघडलेली बाई असेल तर पुढे केबिनमध्ये, आणि प्रसंग गंभीर असेल तर आधी १०८ ला फोन. सुरुवातीला लोक रागावले. आता वाडीतली जाणती माणसेच पोरांना सांगतात, "त्या गाडीवर चढायचं नाही."

गाडीने सगळे होते असेही नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडी ठाकरांची, इर्शाळगडाच्या उतारावरची. वर जायला मोटाररस्ता नव्हता. माती उपसायची मोठी यंत्रे वर नेता आली नाहीत आणि बचावपथके पावसात, चिखलातून पायी चढली. अशा वाड्या अजूनही आहेत. आपली गाडी पायथ्यापर्यंतच जाते, पुढचे ओझे माणसाच्या डोक्यावर असते. म्हणून आम्ही सामान बांधतानाच ते एका माणसाला उचलेल एवढ्या गठ्ठ्यांत बांधतो.

आता निर्णयाकडे येतो. काही हितचिंतकांनी प्रेमाने सुचवले आहे की कर्ज काढून नवी गाडी घ्यावी. मीही वही घेऊन बसलो. नव्या गाडीचा हप्ता दर महिन्याला ठरलेल्या तारखेला द्यावा लागतो, दान आले असो वा नसो. ज्या महिन्यात दान कमी येते, त्या महिन्यात तो हप्ता औषधांच्या आणि वह्यांच्या पैशातून जाईल. जुन्या गाडीचा खर्च मात्र बराचसा आपल्याला पुढे-मागे करता येतो. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी पासिंग करावे लागते, आणि १५ वर्षांवरच्या गाड्यांचे फिटनेसचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे. शिवाय जुनी गाडी डिझेल जास्त पिते आणि कधीतरी रस्त्यात उभी राहते. ती दुरुस्तीला गेली की त्या दिवसाची खेप चुकते, आणि वाट पाहणारी माणसे वाडीत असतात.

माझी सूचना अशी आहे. पिकअप आणखी दोन वर्षे ठेवावी, पण दोन अटींवर. पहिली, प्रत्येक पावसाळ्यानंतर गाडी वर उचलून चासी आणि पाट्यांचे हँगर नीट तपासावेत. तिथे तडा दिसला तर वेल्डिंगने वेळ मारून न नेता गाडी त्याच दिवशी बंद करावी. दुसरी, पुढच्या गाडीसाठी आजपासूनच वेगळा निधी सुरू करावा, म्हणजे तेव्हा कर्ज लागले तरी थोडेच लागेल.

हितचिंतकांकडे माझी विनंती मोठी नाही. शाळेची इमारत किंवा विहीर यांसाठी दान देताना समाधान वाटते, कारण ते डोळ्यांना दिसते. ब्रेकच्या लायनरवर कोणाचे नाव लिहिता येत नाही. पण बियाणे मृगाआधी पोहोचले, ते त्या लायनरमुळे आणि तुमच्या दानामुळे. ज्यांना शक्य आहे त्यांनी वर्षातून एकदा एखादा टायर, एखादी बॅटरी किंवा एका सर्व्हिसिंगचे ऑईल आपल्याकडे घ्यावे. आपल्यापैकी जे गॅरेजमध्ये किंवा कारखान्यात काम करतात, त्यांनी एक रविवार दुपार गाडीखाली घालवली तरी तेवढीच मोठी मदत होईल.

खर्चाची वही बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. प्रत्येक पावती तिच्यात चिकटवलेली आहे. जेवणाच्या सुट्टीत जरूर पाहा आणि शंका असतील तर मला विचारा. गाडीही आवारात उभी आहे. यंदा तिच्या भाताच्या पहिल्या खेपेला अजून तीन आठवडे आहेत.